घरच्या आजारी माणसाचं करणारी मुलं: मदत कुठून आणि कशी सुरू करावी

हा लेख नव्याने शाळेवर रुजू झालेल्या शिक्षकांसाठी, आशाताईंसाठी आणि एखाद्या संस्थेत नुकतं काम सुरू केलेल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. शेजारच्या घरात काय चाललंय ते रोज दिसतं, पण मध्ये कसं पडावं ते कळत नाही, अशा काका-मावश्यांसाठीही आहे.

ही मुलं शोधायला लांब जावं लागत नाही. लकवा झालेल्या वडिलांना उठवून बसवणारा नववीतला मुलगा. आजीची शी-शू आवरून, तिला चहा पाजून मग शाळेत येणारी मुलगी. मानसिक आजार असलेल्या आईने गोळी गिळली की जिभेखाली ठेवली, हे रोज रात्री तपासणारी सातवीतली पोर. ऐकू न येणाऱ्या आईवडिलांच्या वतीने बँकेत आणि दवाखान्यात बोलणारा मुलगा. बीडकडच्या गावांत आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले, की मागे म्हातारी आजी आणि धाकटी भावंडं सांभाळणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी.

आपल्याकडे या मुलांचं कौतुक फार होतं. ‘गुणाची पोर’, ‘वयाच्या मानाने किती पोक्त’. कौतुक करणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. प्रत्यक्षात त्या मुलीच्या दिवसातलं एकही काम त्याने कमी होत नाही. उलट ‘मला आता हे होत नाही’ असं म्हणायची तिची वाट बंद होते, कारण गुणाच्या पोरी असं म्हणत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच सांगते: तुमचं काम कौतुक करण्याचं नाही आणि मुलाला त्या घरातून बाहेर काढण्याचंही नाही. मुलाच्या दिवसातली ठरावीक एक-दोन कामं काढून ती नाव घेऊन सांगता येईल अशा मोठ्या माणसाकडे सोपवणं, हे तुमचं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. हजेरीपट वाचा

मूल आपणहून सांगत नाही. टीबी, एचआयव्ही, दारू, वेड या शब्दांची लाज घराघरांत आहे आणि ‘कळलं तर मला होस्टेलला टाकतील’ ही भीती त्याहून मोठी. पण हजेरीपट बोलतो. नुसते किती दिवस चुकले ते पाहू नका, कुठले चुकले ते पाहा. दर आठवड्याला ठरलेले दोन-तीन वार गैरहजर असेल, तर घरात कुणाचं डायलिसिस चालू असू शकतं. ते साधारण चार तास चालतं, आणि जाणं-येणं धरलं तर अख्खा दिवस जातो. महिन्यातून एकच ठरावीक दिवस चुकत असेल, तर सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या आणायचा तो दिवस असेल. रोज पहिला तास बुडत असेल, तर सकाळी कुणाची तरी अंघोळ-पाणी उरकायचं असणार.

बाकीच्या खुणा वर्गात दिसतात. तेराव्या वर्षी पाठ दुखते. दुपारी डुलकी लागते. दप्तरात चोरून आणलेला मोबाईल असतो आणि तो खेळायला नसतो, घरून फोन येईल म्हणून असतो. सहलीला कधीच येत नाही. मित्रमैत्रिणींना घरी नेत नाही. पालकसभेला वर्षभर कुणीच आलेलं नसतं.

मुलगी असेल तर आपण फसतो, कारण ‘घरात काम होतं’ हे तिच्याबाबतीत आपल्याला साहजिक वाटतं. मुलगा असेल तर वेगळ्या रीतीने फसतो: तो असं काही करत असेल हे मनातच येत नाही आणि आपण त्याला उनाड ठरवून मोकळे होतो. दोघांनाही पुढचा प्रश्न विचारा. काम म्हणजे कोणतं काम?

२. बोलायला बसवू नका, बोलता बोलता विचारा

ऑफिसात बोलावून समोर खुर्चीवर बसवलं, की मूल गप्प होतं. मैदानाकडे चालताना, वाचनालयातली पुस्तकं लावताना, खिचडी वाटताना बोलणं सोपं जातं. ‘घरी काही प्रॉब्लेम आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. त्याऐवजी दिवस विचारा. सकाळी किती वाजता उठतेस? मग काय करतेस? रात्री मध्येच उठावं लागतं का? तू शाळेत असताना आईजवळ कोण असतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला जितका वेळ लागेल, तितकी गोष्ट गंभीर समजा.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येईलच असं नाही. खरं आहे तेच सांगा: ‘हे मी वर्गात कुणाला कळू देणार नाही. पण तुला मार बसत असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल. आणि ते आधी तुला सांगून मग सांगेन.’ लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे घरच्यांची समजूत काढत बसायचं नाही, लगेच १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर फोन करायचा.

३. मुलाचा दिवस कागदावर मांडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वहीचं एक पान घ्या, तीन रकाने आखा: काम, वेळ, आणि हे दुसरं कोण करू शकेल. मुलासोबत बसूनच भरा. पान भरेपर्यंत मुलाला स्वतःलाही माहीत नसतं की आपण इतकं करतो.

मग कामांचे दोन गट पाडा. पाणी भरणं, गरम चहा देणं, औषधाची आठवण करणं, आजोबांजवळ बसून पेपर वाचून दाखवणं, दुकानातून सामान आणणं ही कामं मुलाकडे राहिली तरी चालतात. काही राहावीतच. आजारी माणसाच्या उपयोगी पडण्यात मुलाला समाधान असतं आणि ते काढून घेण्याचा आपल्याला हक्क नाही.

दुसऱ्या गटातली कामं मात्र मुलाकडून काढायचीच, भले सगळी एकदम निघणार नाहीत:

मोठ्या माणसाला एकट्याने उचलणं. वाढत्या वयातली पाठ यात कायमची दुखावते आणि रुग्णही पडतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपिस्टकडून खाली घातलेली चादर ओढून कूस कशी बदलायची ते घरातल्या मोठ्यांना शिकवून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला-कंबरेला जखमा होतात. रात्रीची ही पाळी मुलाची असता कामा नये. हवेची गादी मिळाली तर हा भार थोडा हलका होतो, पण कूस बदलणं टळत नाही.

आई किंवा वडिलांची अंघोळ, संडास-लघवी, कपडे बदलणं. मुलगी वडिलांचं किंवा मुलगा आईचं हे सगळं करतो तेव्हा दोघांनाही किती अवघड जातं, ते कुणी बोलून दाखवत नाही. या कामासाठी नात्यातलं माणूस शोधा, आणि शोधताना याच कामाचं नाव घेऊन मागा. ‘जरा लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच काही करत नाही. ‘दादा, रोज सकाळी साडेसहाला येऊन भाऊंची अंघोळ तुम्ही घालाल का?’ म्हटलं की हो किंवा नाही, काहीतरी उत्तर मिळतं.

औषधाचा डोस ठरवणं, इन्सुलिनचं प्रमाण बदलणं. आठवड्याच्या गोळ्या रविवारी एखाद्या मोठ्या माणसाने वारांच्या खणांच्या डबीत भरून ठेवाव्यात. मुलाने त्या त्या खणातल्या फक्त काढून द्याव्यात.

डॉक्टरांचं बोलणं आईला समजावणं. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आजीसोबत किंवा कर्णबधिर वडिलांसोबत मूलच दुभाषी म्हणून जातं. नाव नोंदवायला, गोळ्यांची वेळ विचारायला ते ठीक. पण ‘कॅन्सर आहे, पसरलाय’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून त्याच्या आईपर्यंत पोहोचू नये. दवाखान्यात आधीच सांगून ठेवा की महत्त्वाचं बोलणं मोठ्या माणसाशी करा.

जीव द्यायचं बोलणाऱ्या आईवर किंवा बापावर रात्रभर पहारा करणं. हे कळलं त्याच दिवशी मोठं माणूस घरात राहायला हवं. कीटकनाशकाचे डबे, दोर, साठवलेल्या गोळ्या घराबाहेर गेल्या पाहिजेत आणि रुग्णाला डॉक्टरांना दाखवलं पाहिजे.

घरी मिरगीचा रुग्ण असेल आणि झटक्याच्या वेळी मूलच जवळ असणार असेल, तर त्याला नीट शिकवा: माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. नीट शिकलेलं मूल कमी घाबरतं.

आणि १०८, ११२, १०९८ हे आकडे, शिवाय लगेच धावून येतील अशा दोन शेजाऱ्यांची नावं आणि नंबर, मोठ्या अक्षरात लिहून घरात भिंतीवर चिकटवा.

४. घरी जा, आणि आधी आजारी माणसाशी बोला

बहुतेक नवे लोक घरी गेले की बाहेरच्या खोलीत, जो कुणी धडधाकट असेल त्याच्याशी बोलतात आणि खाटेवरच्या माणसाला ओलांडून निघून येतात. तसं करू नका. खाटेवरची बाई ही त्या मुलीची आई आहे. हात हलत नसला तरी आईपण शाबूत आहे. तिला विचारा, ‘ताई, तुम्हाला तिच्यासाठी काय हवंय?’ मुलीचं शिक्षण सुटू नये असं सगळ्यात जास्त तिलाच वाटत असतं, आणि नवऱ्याला, दिराला, भावाला ती जे सांगू शकते ते तुम्ही सांगू शकत नाही.

‘एवढ्याशा मुलीकडून किती करून घेता’ हे वाक्य मनातही आणू नका. पण एक गोष्ट मी स्पष्टच मांडते. पुष्कळ घरांत वीस वर्षांचा भाऊ मोबाईल घेऊन बसलेला असतो आणि सगळं बारा वर्षांची बहीण करत असते. त्या भावाला मुलीच्या दिवसाचं ते पान दाखवा आणि कुठली दोन कामं तो घेईल ते त्यालाच निवडायला लावा. काका, मामा, मावशी यांच्याशीही असंच बोला. एकट्याने जाऊ नका. गावात आशाताईंना सोबत घ्या, त्यांना घराघरातलं माहीत असतं आणि त्यांचं येणं कुणाला खटकत नाही.

५. शाळेत काय करता येतं

इथे पुष्कळ गोष्टी एका दिवसात होतात. उशिरा आल्यावर दारात उभं करणं थांबवा. मुख्याध्यापकांच्या परवानगीने घरचा एक फोन ऑफिसात घ्यायची सोय करा, म्हणजे मोबाईल लपवावा लागणार नाही. गृहपाठ शाळेतच, शेवटच्या तासाला करू द्या. बुडालेल्या दिवसांच्या वह्या कोण देईल ते वर्गात ठरवून टाका, कारण न सांगता.

वय १४ पर्यंतच्या मुलाचं नाव गैरहजेरीसाठी शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. शाळा सुटायच्या बेतात असेल तर तालुक्यातल्या बालरक्षक शिक्षकांना, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत टिकवण्याचं काम करणाऱ्या शिक्षकांना गाठा. ऊसतोडीच्या भागात आईबाप जायच्या आधीच हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, पण मूल ज्या आजीचं करत होतं तिचं काय, हा प्रश्न त्याच बैठकीत सोडवा. नाहीतर मुलगी आठवडाभरात आजीकडे परत येते.

नववी-दहावीत कुणीतरी नक्की सुचवतं, ‘शाळा सोड, १७ नंबरचा फॉर्म भर.’ म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बस. अगदी शेवटचा मार्ग म्हणून तो आहे. पण रोज चार-पाच तास ज्या एका जागी हे मूल फक्त मूल असतं, ती जागा म्हणजे शाळा. ती सहज सोडू देऊ नका.

६. पैसे आणि कागद

इंग्लंडमध्ये घरच्यांची काळजी घेणाऱ्या मुलांची गरज तपासणं २०१४च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. आपल्याकडे या मुलांसाठी असा वेगळा कायदा नाही, म्हणून दोन-चार दारं ठोठवावी लागतात.

पहिलं दार जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाचं. तिथे क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. दरमहा २२५० रुपये, वय १८ पर्यंत. फक्त अनाथांसाठीच आहे असा समज आहे, तो चुकीचा. एक पालक असलेली मुलं, आईवडिलांना कॅन्सर, एचआयव्ही, कुष्ठरोग यांसारखा गंभीर आजार असलेली मुलंही यात बसतात. त्याच कार्यालयात मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखालच्या प्रायोजकत्वाचीही (मुलासाठी दरमहा आर्थिक मदत) विचारणा करा. त्यात दरमहा ४००० रुपये मिळतात, आईवडील आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे मुलाला सांभाळू शकत नसतील तर ते लागू होतं, आणि उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० तर शहरात ९६,००० रुपये आहे. दोन्हींपैकी कोणती योजना बसते ते तिथेच पक्कं करून घ्या.

लागणारे कागद साधारण असे: मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा बोनाफाईड, आजाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक, घरासमोर मुलाचा पालकासोबत काढलेला फोटो. मग गृहचौकशी होते आणि बालकल्याण समिती (काळजीची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आदेश देते. ‘समिती’ म्हटलं की घरचे घाबरतात, मुलाला घेऊन जातील म्हणून. त्यांना आधीच समजावून सांगा: २०१५च्या बाल न्याय कायद्याचं तत्त्वच असं आहे की मूल शक्यतो कुटुंबात राहावं आणि संस्था हा शेवटचा उपाय. फॉर्म भरायला या मुलालाच फेऱ्या मारायला लावू नका, हेही एक मोठ्यांचं कामच आहे.

दुसरं दार तहसील कार्यालयाचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला दरमहा अनुदान मिळतं. ६५ वर्षांवरच्या आजी-आजोबांसाठी श्रावणबाळ योजना आहे. लकवा, अंधत्व, मानसिक आजार असेल तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या, २०१६च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यात येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दवाखान्याचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किती बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (या योजनेची माहिती द्यायला नेमलेल्या माणसाला) विचारा. टीबी असेल तर उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये पोषणासाठी मिळतात. घरातल्या मुलांचीही टीबीची तपासणी करून घ्या, हे राहून जातं.

७. मुलाच्या मनातलं

आजाराचं नाव मुलाला सांगा, त्याच्या वयाला कळेल अशा शब्दांत. जे सांगितलं जात नाही ते मूल मनाने भरून काढतं, आणि बहुतेक वेळा स्वतःला दोष देऊन. ‘मी भांडले म्हणून आईला झालं’ असं मनात धरून बसलेली मुलं असतात. आजार कशाने झाला, तो पसरतो का, माणूस बरं होणार का, या तीन प्रश्नांची खरी उत्तरं त्यांना हवी असतात. माहीत नसेल तर डॉक्टरांकडून विचारून आणतो म्हणावं, आणि खरंच आणावं.

मूल कधीतरी म्हणेल, ‘मला कंटाळा आलाय’, ‘मरत का नाही ती’. दचकू नका, रागवू नका. प्रेम आणि वैताग एकाच घरात राहतात. ऐकून घ्या. फक्त स्वतःला काही करून घ्यायचं बोलणं आलं, झोप आणि जेवण उडालं, हात कापून घेतल्याच्या खुणा दिसल्या, तर थांबायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल तर पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांचे कुटुंबीयांसाठी आधारगट असतात. तिथे आधी घरातल्या मोठ्यांना पाठवा.

आठवड्यातून दोन तास तरी मुलाचे स्वतःचे असू द्या. कबड्डी, चित्रं, नुसतं पारावर बसणं, काहीही. त्या वेळी घरी कोण थांबणार, त्याचं नाव कागदावर लिहा. नाव नसेल तर ते दोन तास मिळत नाहीत.

८. महिन्याने परत जा

ठरलेली माणसं दोन आठवडे येतात, मग पेरणी येते, लग्नसराई येते, येणं बंद होतं. म्हणून तेच पान घेऊन महिन्याने परत बसा. कुठलं काम पुन्हा मुलाकडे आलं ते बघा आणि ते पुन्हा काढा. आजार वाढला, कमावतं माणूस बाहेरगावी गेलं, नवं बाळ आलं, की पान नव्याने भरा.

दहावीच्या वर्षी हे सगळं लवकर सुरू करा. निकाल लागल्यावर घरात जे ठरतं ते घाईत ठरतं: ‘पुण्याला गेलास तर बाबांचं कोण करणार?’ मुलगा गप्प बसतो आणि गावातल्याच ज्या कॉलेजात जागा असेल तिथे नाव घालतो. डिसेंबरमध्येच मोठ्यांना एकत्र बसवा, मुलाच्या देखत. त्याला काय शिकायचंय ते आधी त्यालाच विचारा. मग तो नसताना सकाळ कोण बघेल, दुपार कोण, रात्र कोण, हे नावानिशी लिहा. एखादी वेळ रिकामी राहिली तर ती भरायला अजून सहा महिने आहेत: पगारी मदतनीस, मामाकडे आळीपाळीने राहणं, समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज, किंवा एसटीने रोज जाऊन-येऊन होईल असं आयटीआय. मुलाने घरीच राहायचं ठरवलं तर तेही चालेल, पण बाकीची उत्तरं समोर मांडून झाल्यावर.